कारणाचा रकाना

पंचवटी विभागीय कार्यालय, खिडकी क्रमांक तीन.
मी मेलेल्यांची नावं लिहिते. एकोणीस वर्षं झाली.
नाव, वय, पत्ता, आणि मग तो रकाना: कारण.
डॉक्टर लिहितात ते मी उतरवते,
माझ्या पदरचं काही नाही.

अंकुश थेटे, वय तेवीस, पेठ रोड.
हृदयक्रिया बंद पडून.
आता मरताना कोणाची चालू राहते, सांगा.

त्याचे वडील कोंडाजी, द्राक्षांच्या खोक्यांच्या कारखान्यातले.
"तीन प्रती द्या." मग खिडकीला कपाळ टेकवून,
"काय लिहिलंय?"
मी वाचून दाखवलं.
त्यांचा श्वास मोकळा झाला.
"बरं. म्हणजे दुसरं काही नाही ना?"
नाही, म्हटलं. दुसरं काही नाही.
पैसे त्यांनी सुटे आणले होते, मोजून.

दोन महिन्यांनी त्याच खिडकीशी
भाचीच्या जन्माचा दाखला न्यायला चेतन बस्ते.
पत्ता पाहून मी सहज विचारलं,
थेट्यांच्या शेजारचा का रे तू?
तो बोलायला लागला तो थांबेचना, मागे रांग वाढत होती.
"ताई, तो घोरत होता. आम्हाला वाटलं, झोपलाय.
मग घोरणं थांबलं. ओठ जांभळाएवढे काळे.
एकशे आठ लावला. रिंग गेली.
मीच कट केला.
गाडीमागे पोलीस येतात ना?"
सही कुठे करायची ते मी त्याला दाखवलं.

मग ती बैठक. चहा, बिस्किटं, जनजागृती फेरीचा मार्ग,
फलकावर कवटी काढायची की नको यावर वीस मिनिटं.
कोपऱ्यातून सिव्हिलच्या पगारे सिस्टर उठल्या.
म्हणाल्या, गर्दचा श्वास अडकला तर उतारा आहे,
एक इंजेक्शन, पण ते आमच्या कुलुपात.
पोरं मरतात पुलाखाली, गच्चीवर, सातपूरच्या बंद शेडमध्ये.
शेजारी बसलेल्याच्या हातात द्या ते.
जो फोन करेल त्याच्यावर केस नको.
जो रोजची गोळी घ्यायला केंद्रावर येतो
त्याला रांगेत नावानं हाक मारू नका, बाकी काही नको.

"म्हणजे आपणच प्यायला सोय करून द्यायची?"
कोणीतरी म्हणालं, आणि हशा.

सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या,
रामकुंडावर जीवरक्षक उभा असतो, साहेब.
बुडणाऱ्याला तो आधी विचारतो का,
पोहता येत नव्हतं तर उतरलास कशाला?

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
"आकडा काय आहे आपल्याकडे?"
मी रजिस्टर उघडलं. उगाच. मला पाठ होतं.
"शून्य, सर."
शून्यावर प्रस्ताव जात नाही.
बैठक संपली, बिस्किटं उरली होती.

घरी जाताना घाटावरून गेले.
दुतोंड्या मारुतीच्या पायाशी कोरडं होतं, पोरं क्रिकेट खेळत होती.
या शहराला गोदेचा पूर मोजता येतो:
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला,
आणि त्यावर दुकानं हलतात, माणसं हलतात.
हा दुसरा पूर लागतो कशाला?
दगड तर पाहिजे मध्ये उभा.

तेव्हापासून सिस्टर संध्याकाळी फोन करतात, मिनिटभर.
दुसऱ्या दिवशी मी समासात एक ठिपका देते,
शिसपेन्सिलीचा, तपासणीला खोडता येईल इतका फिका.
नाव नाही, गाव नाही.
कोंडाजींची झोप मोडायची नाही मला.
ठिपक्याला बाप नसतो, तेवढं बरं.

सिस्टरांचा नवा अर्ज आज टेबलावर आलाय.
कुलूप, फोन, रांग, सगळं परत तेच.
आकड्याची जागा त्यांनी कोरी सोडलीय.
पानं उलटून मोजले. पुन्हा मोजले,
एक ठिपका शाईचा डाग निघाला, तो वगळला.
सतरा, मी लिहिलं.
पेनानं.